लेखक व्हायचंय? मग आधी एक अर्ज लिहा

"मी काय लेखक नाही हो, मला लिहिता येत नाही." हे वाक्य कायम ऐकायला मिळतं, आणि म्हणणारी माणसं कोण, तर सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून असा मेसेज टाकणारी की तासाभरात सेक्रेटरी जिन्यात हजर, किंवा शाळेच्या डायरीत चार ओळी लिहून पोराला पुढच्या बाकावर बसवून घेणारी आई, किंवा भावकीतला जुना वाद मिटावा म्हणून काकांना लांबलचक मेसेज लिहिणारा पुतण्या. ह्या सगळ्यांना लिहिता येतं. समोरच्याचं मन वळवण्यासाठी शब्द कसे मांडायचे हे त्यांना कळतं, फक्त ते त्याला लिखाण म्हणत नाहीत कारण आपल्याकडे लेखक म्हटलं की पुस्तक, पुरस्कार आणि संमेलनाचं व्यासपीठ एवढंच डोळ्यापुढे येतं.

हा लेख अशा लोकांसाठी आहे. कविता-कथा कशी लिहायची ते इथे नाहीये. कुणाला तरी काहीतरी पटवायचंय आणि ते लिहून पटवायचंय, तर सुरुवात कुठून करायची एवढंच. त्यासाठी एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा तुमच्या गावाला येणारी संध्याकाळी साडेपाचची एसटी बंद झालीय आणि ती परत सुरू करून घ्यायचीय. हे उदाहरण मुद्दाम घेतलं कारण इथे "छान लिहिलंय" अशी शाबासकी मिळून काही उपयोग नाही, गाडी यायला पाहिजे.

पायरी १: लिहिणारा "मी" आहे हे मान्य करा

१८५५ साली पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या मुलीने एक निबंध लिहिला, तो "ज्ञानोदय" ह्या नियतकालिकात छापून आला. वय साधारण चौदा. मातंग समाजातली मुलगी, शिक्षण जेमतेम काही वर्षांचं. विषय होता मांग-महारांचं दुःख. तिने काय केलं बघा, ज्यांनी अन्याय केला त्यांचंच म्हणणं हातात घेतलं: तुम्ही म्हणता वेद फक्त आमचे, मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही हे तर तुमच्याच तोंडून सिद्ध झालं. आणि नुसता युक्तिवाद करून थांबली नाही, आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, हेही लिहिलं. हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं, हे तिच्या आजूबाजूला रोज घडत होतं.

मला ही मुलगी फार महत्त्वाची वाटते. मी कोण लिहिणारी, आधी मोठी होते, मग भाषा सुधारते, मग बघू, असं म्हणत ती बसली नाही. तिच्याकडे जे होतं ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, ते म्हणजे स्वतः बघितलेलं आयुष्य. तुमच्याकडेही ते आहे. साडेपाचची गाडी बंद झाल्यावर तुमची मुलगी किती वाजता घरी येते हे मुंबईतल्या मोठ्या लेखकाला माहीत नाही, तुम्हाला माहितीये, त्यामुळे ह्या विषयावर लेखक तुम्हीच.

आता करायचं काय? एक शंभर पानी वही घ्या, पहिल्या पानावर नाव घाला. रोज दोन-तीन ओळी, आज काय खटकलं आणि कुणाला सांगावंसं वाटलं. बस. दुसरं म्हणजे लिहिलेल्याखाली नाव टाकायची सवय लावा. आपल्याकडे अर्जाच्या खाली "समस्त ग्रामस्थ" लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे, सह्या पन्नास असतात पण एकही माणूस दिसत नाही. सह्या जरूर घ्या, पण "मी अमुक, माझी मुलगी नववीत आहे" असं म्हणणारा एक तरी आवाज त्यात पाहिजे, त्याच्याने वाचणारा थांबतो.

पायरी २: वाचणारा माणूस ठरवा

नव्या लोकांचं इथेच गाडं अडतं. त्यांना वाटतं लिखाण सगळ्यांसाठी असतं. सगळ्यांसाठी लिहिलेलं कुणालाच लागू पडत नाही.

एसटीच्या बाबतीत वाचणारा कोण, तर तालुक्याचा आगार व्यवस्थापक. त्याच्या टेबलावर तुमच्यासारखे अजून ढीगभर अर्ज आहेत. त्याला गाड्या कमी आहेत, ड्रायव्हर-कंडक्टर कमी आहेत, आणि वरून विचारणा कशाची होते तर भारमानाची, म्हणजे गाडी किती भरून जाते आणि किती रिकामी धावते त्याची. त्याला तुमच्या गावाशी दुष्मनी नाही, त्याला एक फेरी चालू करायची तर ती कशाच्या जोरावर हे कागदावर दाखवावं लागतं, आणि तो जोर तुम्ही त्याला द्यायचा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की अर्जाचा सूर आपोआप बदलतो, "प्रशासन झोपलंय का" वगैरे भाषा गळून पडते कारण झोपलेल्या माणसाला तुम्ही काही द्यायला जात नाही.

हीच गोष्ट ग्रामसभेत मांडायची असेल तर वाचणारे-ऐकणारे वेगळे, तिथे मुलींच्या आया बसलेल्या असतात, त्यांना भारमान सांगून काय करायचंय, त्यांना सांगायचं की ठराव झाला तर अर्जाला वजन येतं म्हणून हात वर करा. आणि पेपरच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहायचं असेल तर वाचणारा दुसऱ्याच तालुक्यातला, त्याला तुमचा फाटा कुठे आहे तेही माहीत नाही. विषय एक, लिखाण तीन. लिहायला बसायच्या आधी वहीत वर लिहा: वाचणार कोण, त्याच्या हातात काय आहे, त्याला कशाची काळजी. ह्या तीन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत तर आधी दोन फोन करा, मग पेन उचला.

पायरी ३: मागणी एका वाक्यात, आकड्यासकट

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, सुरुवातीलाच ते सांगतात की माझा शिक्षणाचा अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे. म्हणजे मी कुठे उभा राहून बोलतोय हे आधी स्पष्ट. दुसरं, शिक्षण सगळ्यांना मिळालं पाहिजे एवढं म्हणून ते सोडत नाहीत, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि ते निदान बाराव्या वर्षापर्यंत, असं वय सांगून मागतात. आकडा आला की समोरच्याला "बघू" म्हणून टाळता येत नाही, त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

"गावाची दळणवळणाची गैरसोय दूर करावी" ही मागणी नाहीये, हा उसासा आहे. "साडेपाचची फेरी शाळेच्या दिवशी तरी सुरू करावी" ही मागणी आहे. त्यातला "तरी" महत्त्वाचा, समोरच्याला कमीत कमी काय केलं तर तुमचं भागेल हे तो सांगतो. आणि एका अर्जात एकच मागणी. एसटी, स्टँडवरचा नळ, रस्त्यावरचे खड्डे सगळं एकत्र आलं की अर्ज तीन टेबलांवर फिरतो आणि चौथ्यावर पडून राहतो.

पायरी ४: पुरावा गोळा करा, आणि तो स्वतः जाऊन

ह्याला वेळ द्या, बाकी सगळ्यापेक्षा जास्त. सलग आठवडाभर संध्याकाळी स्टँडवर जा. किती मुलंमुली बसलेली असतात, शाळा किती वाजता सुटते, पुढची गाडी किती वाजता आहे आणि प्रत्यक्षात किती वाजता येते, कोण वडापने (शेअर जीपने) जातं आणि रोजचे किती पैसे देतं, गावातली कोण म्हातारी माणसं दवाखान्यातून परतताना अडकतात. वहीत तारीख घालून लिहा. अंदाजाने "शेकडो विद्यार्थी" लिहू नका, तुमच्या गावातून एक्केचाळीस जात असतील तर एक्केचाळीस लिहा. एक्केचाळीस हा आकडा कुणीतरी मोजलाय हे वाचणाऱ्याला कळतं, शेकडो कुणी मोजलेले नसतात.

मग सवलतींची माहिती काढा, कारण तुमचा युक्तिवाद तिथेच पक्का होतो. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेला जायला एसटीचा पास मोफत आहे, २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे सरकारने मुलीच्या हातात पास दिलाय आणि तो पास वापरायला गाडी नाही. हे वाक्य कुठलंही विशेषण न लावता लिहा, ते तसंच पुरेसं बोचतं.

पायरी ५: आधी तोंडाने सांगा, मग लिहा

पेन हातात घेतलं की चांगली बोलणारी माणसंसुद्धा एकदम "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" ह्यात घुसतात. म्हणून सोप्पं काम करा, फोनवर मराठी कीबोर्डचं माईकचं बटण दाबा आणि शेजारच्या वहिनींना सांगताय असं सगळं प्रकरण सांगून टाका. फोन टाईप करेल, चुका होतील, होऊ द्या. मग त्यातली कामाची वाक्यं उचला.

फरक किती पडतो ते बघा. नेहमीचा अर्ज असा असतो:

"उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की आमचे गावी एसटी बससेवा बंद असल्याने विद्यार्थी, महिला व ज्येष्ठ नागरिक यांची प्रचंड गैरसोय होत असून शैक्षणिक नुकसान होत आहे. तरी सदर बाबीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून योग्य ती कार्यवाही व्हावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल."

ह्यात खोटं काहीच नाही. पण ह्या अर्जातलं गावाचं नाव बदललं तर तो महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला चालेल, आणि म्हणूनच तो वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोरून नुसता सरकून जातो. शिवाय एकाच श्वासात सहानुभूती मागायची आणि आंदोलनाची धमकी द्यायची, तर समोरच्याने कशाला उत्तर द्यायचं?

आता हा नमुना वाचा, आकडे तुमचे घाला:

"साडेपाचची फेरी जूनपासून बंद आहे. ती शाळेच्या दिवशी तरी पुन्हा सुरू करावी ही विनंती. आमच्या गावातून तालुक्याला २७ मुली आणि १४ मुलगे शिकायला जातात, सगळ्यांकडे एसटीचा पास आहे, यादी पास क्रमांकासह जोडली आहे. शाळा पाच वाजता सुटते. पुढची गाडी पावणेआठला आहे, तोवर मुलं स्टँडवर बसून असतात. माझी मुलगी नववीत आहे, ती फाट्यावर उतरून दीड किलोमीटर अंधारात चालत घरी येते तेव्हा साडेआठ झालेले असतात. ह्या कारणाने गावातल्या तीन मुलींची शाळा दिवाळीनंतर बंद झाली, त्यांच्या पालकांच्या सह्या सोबत आहेत."

एकही जड शब्द नाही. "प्रचंड" नाही, "तीव्र" नाही. पण फाटा आहे, अंधार आहे, साडेआठ आहेत. वाचणाऱ्याच्या घरात नववीतली मुलगी असेल तर त्याला पुढे काही सांगायची गरज पडत नाही. मागणी पहिल्या दोन वाक्यांत आलीय हेही बघा, कारण कामाच्या गडबडीत अर्जाच्या पहिल्या चार ओळी वाचल्या जातात, बाकीचं नशीब.

एक काळजी मात्र घ्या, मुलींच्या नावांची यादी फक्त अर्जाला जोडायची, तिचा फोटो काढून ग्रुपवर फिरवायचा नाही.

पायरी ६: समोरच्याची बाजू तुम्हीच मांडा

आपल्या जुन्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष नावाची शिस्त आहे, म्हणजे खंडन करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचं. कीर्तनात बुवा स्वतःच शंका काढतात आणि स्वतःच तिचं निरसन करतात, तेच. ज्याला पटवायचंय त्याच्या मनात काय "पण" येणार ते आधी ओळखायचं.

आगारवाला म्हणेल, अहो ती गाडी रिकामी धावत होती. खरं असेल! जाताना भरलेली आणि येताना रिकामी असं कितीतरी मार्गांवर होतं. मग लिहा की परतीच्या फेरीत प्रवासी कमी असतात हे आम्हाला माहीत आहे, म्हणून शेजारच्या दोन वाड्यांशी बोललो, गाडी तिकडून वळवली तर अजून अमुक प्रवासी मिळतील, त्यांच्या ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं आहे. तो म्हणेल, सगळे पासवाले, रोकड कुठे येते? तर सवलतीच्या रकमेची प्रतिपूर्ती शासन महामंडळाला करतं, म्हणजे पासवाला प्रवासी फुकट नाही, हे नम्रपणे लिहा. तो म्हणेल, गाडीच नाही. मग पर्याय सुचवा: पावणेआठची मुक्कामी गाडी तासभर आधी सोडता येईल का?

असं लिहिलं की तुम्ही भांडायला आलेला माणूस राहत नाही, बरोबर बसून मार्ग काढणारा माणूस होता. आणि जिथे समोरच्याचं म्हणणं बरोबर आहे तिथे सरळ मान्य करा, त्याने तुमची बाजू लंगडी पडत नाही, उलट बाकीच्या मुद्द्यांवर विश्वास बसतो.

पायरी ७: भाषेची भीती

थोडक्यात सांगते. शुद्धलेखन तपासून घ्या, गावातल्या एखाद्या गुरुजींना किंवा बाईंना दाखवा, लाज कसली त्यात. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीने लिहायचंच टाळू नका. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, तुमची जी काही बोली असेल तिच्यात विचार करा, कच्चं तिच्यातच लिहा, अर्ज प्रमाण मराठीत उतरवायचा तर शेवटी उतरवा. पेपरातल्या पत्रात किंवा स्वतःच्या लेखात तर बोलीतली वाक्यं तशीच ठेवा, ती माणसाचा आवाज घेऊन येतात.

आणि हल्ली सगळे करतात म्हणून सांगते, चॅटजीपीटीकडून अर्ज लिहून घ्यायला हरकत नाही असं वाटेल, पण त्याला तुमचा फाटा माहीत नाही. तो तुम्हाला वर दिलेला "प्रचंड गैरसोय"वाला अर्जच अजून सफाईदार करून देईल. चुका तपासायला वापरा. मोजणं, बघणं आणि ठरवणं तुमचं.

पायरी ८: मोठ्याने वाचा आणि कापा

एक रात्र जाऊ द्या. सकाळी घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, शक्यतो ज्याला प्रकरण माहीत नाही अशाला. जिथे तुमचा श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा, जिथे ऐकणारा "म्हणजे?" म्हणतो तिथे दुरुस्त करा, जिथे तो फोनकडे बघायला लागतो तो परिच्छेद काढून टाका. राग आलेल्या क्षणी लिहिलेली वाक्यं बहुतेक वेळा ह्याच फेरीत जातात, त्यांना वहीत ठेवा, दुसरीकडे कामाला येतील. अर्ज एका पानात बसलाच पाहिजे, बाकी सगळं जोडपत्रात.

पायरी ९: पोच घ्या आणि पाठपुरावा लिहा

अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक आवक-जावकला द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडलेली असेल तर उत्तम.

पंधरा-वीस दिवसांत काही हाललं नाही तर स्मरणपत्र द्या, चार ओळींचं, आवक क्रमांक घालून, आणि त्यात काहीतरी नवीन सांगा, नुसतं "आठवण करून देतो" नको. तरी शांतता असेल तर माहितीचा अधिकार वापरा. २००५ चा कायदा आहे, महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात, साधारणपणे एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. इथे लिहिण्याची खरी परीक्षा आहे. "फेरी का बंद केली?" असं विचाराल तर "का" हे माहितीत बसत नाही म्हणून अर्ज परत येऊ शकतो. त्याऐवजी "फेरी बंद करण्याच्या आदेशाची प्रत द्यावी" आणि "बंद होण्याआधीच्या तीन महिन्यांतलं ह्या फेरीचं भारमान द्यावं" असं मागा, म्हणजे कागदावर असलेली गोष्ट मागा. उत्तरात भारमानाचा आकडा आला की तुमच्या पुढच्या अर्जाला पायाच मिळाला. १५० शब्दांत बसवायच्या नादात फालतू शब्द कुठला आणि कामाचा कुठला हे जितकं लवकर कळतं तितकं दुसऱ्या कशाने कळत नाही, म्हणून मी नव्या लोकांना मुद्दाम एक तरी असा अर्ज लिहायला सांगते.

आणि पुढे

आता तुमच्या वहीत अर्जात न मावलेलं बरंच काही उरलेलं असेल. स्टँडवर मुली कुठल्या बाकावर बसतात, कोण कोणाला गणित शिकवतं, चहावाला त्यांच्यावर लक्ष कसं ठेवतो, शाळा बंद झालेल्या तिघींपैकी एकीने दप्तर कुणाला देऊन टाकलं. ते सगळं घेऊन हजार शब्दांचा लेख लिहा. मराठीत पत्रातून समाजाला पटवायची परंपरा जुनी आहे, लोकहितवादींनी १८४८ पासून "प्रभाकर" साप्ताहिकात शंभरावर पत्रं लिहिली ती अशीच एकेका विषयाला धरून, तेव्हा तुम्हीही तो लेख पत्राच्या रूपात लिहिलात तर हात लवकर बसेल. पत्र कुणाला लिहायचं ते आधी ठरवा, आगाराला नाही, तालुक्यातल्या त्या पालकाला लिहा ज्याच्या मनात ह्या वर्षी मुलीचं नाव काढायचं चाललंय. मग परत पायरी २ पासून सुरुवात, वाचणार कोण, त्याच्या हातात काय आहे, त्याला कशाची काळजी. लिहून झालं की खाली पूर्ण नाव आणि गावाचं नाव टाका, आणि जिल्ह्याच्या पेपरला, गावच्या वाचनालयाला, जवळच्या दिवाळी अंकाला, तिन्हीकडे पाठवून द्या. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा व्हायला लागतं, तेव्हा ऑक्टोबरची वाट बघू नका.